लावणीत चार दिवस खाडा पडला, आता पुन्हा एकपासून मोजू का?

ताई, आधी सरळ उत्तर देतो. नाही, पुन्हा एकपासून मोजू नका. गुढीपाडव्याला रोज एक नवी ओरिगामी, म्हणजे कागदाच्या घड्यांची आकृती, करायला सुरुवात केलीत, शंभरीच्या आसपास आलात आणि लावणीत चार दिवस कागदाला हात लागला नाही. वहीत त्या चार तारखा लिहा, पुढे 'लावणी' एवढेच लिहा आणि पाचव्या दिवसापासून पुढे चला. खानापूर भागात आषाढात भाताची लावणी म्हणजे काय असते ते मला ठाऊक आहे, माझे आजोळ तिकडचेच. दिवसभर चिखलात वाकून आलेल्या माणसाने रात्री बगळा घडवलाच पाहिजे असा नियम करणे चूक आहे.

तुमचे बाकीचे प्रश्न असे: पावसात कागद सादळतो, व्हिडिओ बघून केलेला ड्रॅगन अर्ध्यातच फाटला, रोज नवीन काय करायचे ते आता सुचत नाही, आणि घरचे विचारतात याचा उपयोग काय. माझ्या मते या सगळ्याच्या मुळाशी 'नवीन' हा शब्द आहे. त्यावरच जरा सविस्तर लिहितो, कारण मीही तिथेच अडकलो होतो.

मी बेळगावात एका छापखान्यात बाइंडिंग खात्यात सत्तावीस वर्षे होतो. २०२०च्या एप्रिल-मेमधली लग्ने पुढे ढकलली गेली, छापून तयार असलेल्या पत्रिका पडून राहिल्या, काम थांबले. कटिंग मशीनखालच्या कतरणीची दोन पोती मी घरी आणली होती. फर्मे, म्हणजे पुस्तकाचे छापील ताव, घडवून घडवून हात तयार होताच. डॉ. अनिल अवचटांमुळे ओरिगामी हा शब्द कानावर होता. मग रोज एक नवी आकृती करायचे ठरवले. मोबाइलवर बघायचे, करायचे, वहीत आकडा टाकायचा. दोनशे चौदापर्यंत गेलो, आणि मला त्याचा अभिमान होता.

मग निपाणीला बहिणीकडे बारशाला गेलो. भाचीने पेढ्याच्या पुड्याचा कागद पुढे केला, "मामा, काहीतरी करून दाखवा की." फोन चार्जिंगला लावलेला. मी बगळा केला, शिडाची होडी केली, बेडूक अर्धा केला आणि हात थांबले. दोनशे चौदातले बाकी काहीही आठवेना. पोरे दुसऱ्या खेळाकडे वळली. मी परतीच्या बसमध्ये बसून तोच विचार करत होतो. दोनशे चौदा आकृत्या माझ्या हातातून गेल्या होत्या, हातात राहिल्या नव्हत्या.

त्यानंतर मी पद्धत बदलली, तीच तुम्हाला सांगतो. आकृती शिकू नका, पाया शिका.

जाणकार त्याला बेस म्हणतात. बहुतेक पारंपरिक आकृत्या मोजक्या पायांवर उभ्या असतात: पतंगाचा, माशाचा, बगळ्याचा, बेडकाचा, फुग्याचा आणि भिंगरीचा. उदाहरणाला भिंगरीच घ्या. चौकोनाच्या समोरासमोरच्या दोन कडा मधल्या रेघेला आणायच्या, मग उरलेल्या दोन बाजू मध्याला आणायच्या आणि आतले चार कोपरे बाहेर ओढायचे. एवढ्यावर चारी कोपरे एका दिशेने फिरवले की भिंगरी. दोन इकडे दोन तिकडे केले की आपण शाळेत केलेली नांगरहोडी. त्यातूनच फुलदाणी निघते, त्यातूनच मासा. आपण लहानपणी या चार वेगळ्या गोष्टी म्हणून शिकलो, घडी मात्र एकच होती. बेडकाच्या पायातून लिलीचे फूल निघते, फुग्याच्या पायातून ट्यूलिप. हे कळल्यावर मला इतका आनंद झाला होता की रात्री बायकोला उठवून दाखवले.

तेव्हा एक आठवडा एकच पाया. पहिले दोन दिवस नुसता पाया, बोलता बोलता, फोन न उघडता घडला पाहिजे. मग त्यावरच्या माहीत असलेल्या आकृत्या. आणि शेवटचे दोन दिवस त्याच पायावर आपण काहीतरी हलवून बघायचे: मान लांब, पंख खाली, शेपूट दुमडून आत. तीही नवीच आकृती आहे, वहीत बिनदिक्कत लिहा. जपानात १७९७ साली छापलेल्या एका पुस्तकात ४९ रचना आहेत आणि त्या सगळ्याच्या सगळ्या एकाच सारसाच्या, म्हणजे आपण ज्याला बगळा म्हणतो त्याच्या आहेत. एका कागदाला चिरा देऊन टोकाला टोक जोडलेले सारस. करमणुकीच्या ओरिगामीवरचे आज माहीत असलेले सर्वांत जुने पुस्तक तेच मानतात. त्या माणसाला एका पक्ष्यात ४९ प्रकार सापडले, तर आपल्याला एका पायात सात दिवसांचे काम नक्की सापडेल.

ड्रॅगनबद्दल. तो तुम्ही शंभराव्या दिवशी करायला घेतलात यात चूक नाही, तो व्हिडिओवरून केलात ही चूक. व्हिडिओत हात दिसतो, घडीचे कारण दिसत नाही. अकिरा योशिझावा नावाचा माणूस कारखान्यात काम करताना नव्या कामगारांना भूमिती शिकवायला कागदाच्या घड्या वापरायचा. पुढे नोकरी सोडून त्याने आयुष्यभर हेच केले. १९५४च्या त्याच्या पुस्तकातून चिन्हे रूढ झाली: आत दबणाऱ्या घडीला तुटक रेघ, बाहेर उंचावणाऱ्या घडीला रेघ-टिंब, दिशेला बाण. सॅम्युअल रँडलेट आणि रॉबर्ट हार्बिन यांनी ती पुढे वाढवली आणि जगभर तीच चालतात. पहिली आहे दरीघडी, दुसरी डोंगरघडी. ही चिन्हे शिकायला दोन संध्याकाळी पुरतात आणि मग भाषेची अडचण राहत नाही. बेळगावच्या आमच्या वडगावात शेजारच्या विणकराचा मुलगा कन्नड शाळेत जातो, मराठी वाचत नाही. मी चिन्हांची आकृती काढून देतो, तो करतो, आणि मी चुकलो की माझा हात धरून "हीगे मडचु" म्हणतो, म्हणजे असे दुमड. मागच्या वर्षी लिलीचे फूल मला त्यानेच नीट शिकवले.

तुमचा ड्रॅगन फाटला तिथे एक कसोटी लावून बघा. सपाट बसणाऱ्या आकृतीत कागदाच्या आत जिथे घड्या एकत्र येतात अशा कोणत्याही बिंदूपाशी डोंगरघड्या आणि दरीघड्या यांच्या संख्येत बरोबर दोनचा फरक असतो. जुन माएकावा यांच्या नावाने हा नियम ओळखतात. बगळ्याच्या आधी येणारा चौकोनी पाया घडवून उलगडा आणि मध्यबिंदूपाशी प्रत्यक्ष वळलेल्या घड्याच मोजा. सहा भरतील, चार एका जातीच्या, दोन दुसऱ्या. आकृती कुठे सपाट बसत नसेल तर तिथे जोर लावू नका, उलगडा आणि मोजा. एखादी घडी उलटी पडलेली सापडते. कागद बहुतेक वेळा फाटतो तो आपण जोर लावतो म्हणून.

आता कागद, माझा जिव्हाळ्याचा विषय.

कागदात तंतू असतात आणि कारखान्यात बनताना ते बहुतेक एका दिशेने पडतात. छापखान्यात त्याला ग्रेन म्हणतात. कागद हातात धरून अलगद वाकवून बघा, आधी उभा, मग आडवा. एका बाजूने सहज वळतो, दुसऱ्या बाजूने अडतो. सहज वळतो त्या वळणाला समांतर तंतू. त्यांना समांतर मारलेली घडी स्वच्छ येते, आडवी मारलेली जाड कागदात तडकते. बगळ्यात मुख्य घड्या तिरक्या, म्हणून फारसे जाणवत नाही. डबीला आणि पंख्याला मात्र चांगलेच जाणवते. पावसाळ्यात हेच तंतू ओल पिऊन जाडीला फुगतात, लांबीला फारसे वाढत नाहीत. म्हणजे कागद एका बाजूने वाढतो, दुसऱ्या बाजूने जवळपास तेवढाच राहतो. मे महिन्यात कापून ठेवलेला चौकोन जुलैत चौकोन राहत नाही. तुमच्या बगळ्याची टोके जुळेनात ती यामुळे, हात बिघडला म्हणून नव्हे.

उपाय साधा आहे. पावसाळ्यात चौकोन कापून साठवू नका. अख्खे ताव घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, हवे तेव्हा कापा आणि लगेच घडवा. फार सादळला असेल तर दोन सुती कापडांच्या मध्ये ठेवून कोमट इस्त्री फिरवा, वाफ नको. घोटीव कागद या दिवसांत टाळा, त्याच्या रंगाचा थर घडीवर पांढरा पडतो. झेरॉक्सचा ए-फोर बरा. २९.७ सेंटिमीटर लांबीतून २१चा चौकोन कापला की ८.७ सेंटिमीटरची पट्टी उरते. ती फेकू नका, तिच्यातून दोन छोटे चौकोन निघतात आणि त्यांचे काम खाली सांगतो.

किंवा ओलीलाच कामाला लावा. साडीला खळ असते तशी चित्रकलेच्या जाड कागदालाही असते. ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने कागद दोन्ही बाजूंनी पुसला की ती खळ सैल होते, कागद चामड्यासारखा वळतो, आणि वाळल्यावर खळ पुन्हा घट्ट होऊन आकार धरून ठेवते. ही रीतही योशिझावांचीच. यात नखाने घडी कडक करायची नाही, नुसती गोलाई द्यायची. कमी घड्यांचा ससा किंवा हत्ती घ्या, पाय चिमट्यांनी धरून रात्रभर पंख्याखाली ठेवा. वडगावच्या मागावर सुताला खळ लावताना मी लहानपणापासून बघत आलोय, पण कागदातली खळ मला साठीला आल्यावर उमगली.

उपयोगाचा प्रश्न घरच्यांचा आहे, त्यांना थोडक्यात सांगा. कोरयो मिउरा या जपानी शास्त्रज्ञाची घडी वापरून १९९५ साली अवकाशात सौर पट्ट, म्हणजे उन्हावर वीज करणारा पट्टा, उलगडला, एक टोक ओढले की सगळा पसरतो आणि ढकलले की मिटतो. नाही पटले तर पट्टीशिवाय कागदाचे तीन सारखे भाग करून दाखवा. चौकोनाचा खालचा डावा कोपरा वरच्या कडेच्या बरोबर मध्यावर आणा. खालची कड आता तिरकी होऊन उजव्या कडेला जिथे छेदते, ती जागा वरून दोन-तृतीयांशावर, म्हणजे खालून बरोबर एक-तृतीयांशावर असते. काझुओ हागा यांनी मांडलेली ही गोष्ट. तीन घडीची पत्रके मी हजारो घडवली, दरवेळी पट्टी लावून. तेव्हा हे माहीत असते तर! डबे भरून गेले असतील तर प्रत्येक पायाचा एकच चांगला नमुना ठेवा, बाकीचे गणपतीच्या आराशीला द्या. आमच्या गल्लीत मखराला तीन वर्षे कागदी कमळेच असतात.

आणि लावणीसारख्या दिवसांसाठी, जेव्हा हातात पाचच मिनिटे असतात, तेव्हा ती उरलेली पट्टी काढा. मित्सुनोबु सोनोबे यांच्या नावाचा एक तुकडा आहे. छोटा चौकोन मधोमध घडी मारून उघडायचा, समोरासमोरच्या दोन कडा मधल्या रेघेला आणायच्या, कर्णाने समोरासमोरचे दोन कोपरे आत दुमडायचे, मग दोन्ही टोके तिरकी वळवून शेजारच्या पदराखाली खोचायची. तिरका चौकोन तयार होतो. त्याची दोन्ही टोके मागे वळवली की तुकडा झाला. एका दिवसाला एक तुकडा. सहा जमले की एकाचे टोक दुसऱ्याच्या पदराखालच्या खिशात खोचत गोंदाशिवाय घन होतो, बारा जमले की टोकदार तारा, तीस जमले की महिन्याभराचा एक गोळा. म्हणजे दमून आलेल्या दिवशीही खाडा नाही.

फक्त एक जपा. पहिला तुकडा ज्या दिशेने तिरका केलात त्याच दिशेने सगळे करा. आरशातल्यासारखा उलटा झालेला तुकडा खिशात बसतच नाही, आणि झोपेच्या भरात तो हमखास उलटा होतो. माझ्या पहिल्या तीसमध्ये चार उलटे निघाले. म्हणून रोजचा नवा तुकडा कालच्यावर ठेवून बघा, कडा जुळल्या तरच डब्यात टाका.