कमी पैशातल्या साय-फाय शॉर्टफिल्ममध्ये भविष्यातलं जग खरं कसं वाटेल? कोणतं सॉफ्टवेअर वापरू?

सॉफ्टवेअरचं मला विचारू नका, मी रंगारी माणूस. सांगलीत हौशी नाटकांचं नेपथ्य करतो, अधूनमधून शॉर्टफिल्मवाली पोरं बोलावतात. पण 'जग खरं कसं वाटेल' हे वाचून राहवलं नाही, कारण याच मुद्द्यावर माझं एका दिग्दर्शकाशी वाजलंय.

त्यांची गोष्ट झकास होती. दोनशे वर्षांनंतरची सांगली, कृष्णेला दर पावसाळ्यात महापूर, तरी गाव सोडायला कोणी तयार नाही. मी गेलो तर खोलीभर थर्माकोल आणि सिल्व्हर स्प्रेचे डबे. भिंती चंदेरी, टेबल चंदेरी, हिरोच्या छातीवर चिकटवलेली सीडी. म्हटलं, साहेब, या घरात दरवर्षी पाणी येतं ना? मग ओल कुठंय? तर म्हणे, "फ्युचर आहे हो, तेव्हा ओल कशाला असेल?"

२०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. हरभट रोडला, मारुती चौकात ज्यांची दुकानं होती त्यांना विचारा, पाणी ओसरल्यावर भिंत कशी दिसते. वर रंग शाबूत, खाली गाळाचा मातकट पट्टा, आणि मधली रेघ पाणसळ लावून मारल्यासारखी सरळ. पुढं रंगाला फोड येतात, लोणा फुटतो.

मी एका फ्लॅटवर, म्हणजे नाटकात भिंत म्हणून उभी करतात त्या चौकटीवर, हेच करून दाखवलं. आधी फिक्या निळ्याचा हात. तो वाळल्यावर गेरू, काजळी आणि डिंकाचं पाणी कालवून स्पंजनं खालून वर, कडेला रेघ. त्याच्या वर दुसरी, तिसरी, शेजारी खडूनं साल लिहिलेलं. सगळ्यात वरची रेघ माणसाच्या डोक्यावरून जाणारी. लाइटचा मीटर पार छताला, देवघर त्याच्या शेजारी. खिडकीच्या गजाला दोर बांधून बांधून पडलेली खाच, म्हणजे होडी इथं बांधतात. नटानं तोंड उघडायच्या आधी निम्मी गोष्ट सांगून झाली की!

दिग्दर्शक म्हणाले, "लोकांना कळणार नाही." फ्लॅट भिंतीकडं तोंड करून कोपऱ्यात गेला, आणि फिल्मच्या सुरुवातीला घातलं लांबलचक निवेदन: साल कोणतं, पूर का येतात, सरकार काय करतं. ते संपायच्या आत हॉलमध्ये मोबाइल उजळले. सीडीला मात्र हशा मिळाला.

वर त्यांचं पालुपद, हॉलिवूडकडं पैसा आहे. आहेच. पण 'ब्लेड रनर'चा (१९८२) रस्ता बघा. स्टुडिओच्या आवारातला जुनाच रस्ता घेऊन त्याच्या इमारतींवर पाईप, डक्ट, निऑनचे बोर्ड चढवले, आणि रात्र, धूर, पाऊस यांत सेटचे सांधे झाकले. जुन्या इमारतीची डागडुजी करत करत लोक राहतायत हे बघताक्षणी पटतं. 'स्टार वॉर्स'मधले (१९७७) रोबो मुद्दाम मळवले होते. 'एलियन'मध्ये (१९७९) परग्रहावरच्या त्या अजस्र सांगाड्याचा सेट आणखी मोठा दिसावा म्हणून लांबच्या शॉटमध्ये लहान मुलांना छोटे स्पेससूट घालून उभं केलं. या असल्या युक्त्या आमच्या नाटकवाल्यांना नवीन नाहीत. आणि अगदीच खिसा रिकामा असेल तर क्रिस मार्करची 'ला जते' (१९६२) बघा: अठ्ठावीस मिनिटं, जवळजवळ सगळी स्थिर फोटोंची, आणि काळातला प्रवास दाखवलाय.

आता सगळंच मळवून ठेवा असंही माझं म्हणणं नाही. '२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८) लख्ख पांढरा आहे आणि तरी पटतो. यानातला राहायचा भाग गोल फिरवून वजन निर्माण करायचं हे ठरल्यावर त्यांनी खरोखर फिरणारा सेट बांधला, म्हणून माणूस त्यात चाकाच्या आतून पळतो. चकचकीतपणालाही कारण लागतं, एवढंच. आणि उडत्या गाड्या, बुडालेलं अख्खं शहर हवं असेल तर कॉम्प्युटरशिवाय भागणार नाही. त्या सॉफ्टवेअरचं उत्तर दुसरं कोणीतरी देईल.

तुम्ही आधी ठरवा, तुमच्या जगात रोज काय बिघडतं आणि ते कोण, कशानं दुरुस्त करतं. मग ती दुरुस्ती दाखवा. निवेदन लिहून ठेवलं असेल तर आवाज बंद करून फिल्म एकदा चालवा. जे कळत नाही ते भिंतीवर, कपड्यावर, भांड्यावर आणा. प्रेक्षकाला कळतं हो. आमच्या हॉलमधली म्हातारी माणसं पुराची रेघ लांबून ओळखतात, त्यांना काय समजावून सांगताय?

आणि नेपथ्यवाल्याचे पैसे आगाऊ द्या. त्या फ्लॅटचे अजून यायचेत.