तक्ते बनवण्यात माझी वर्षं वाया जातील का?

प्रश्न : मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. इंटर्नशिपमध्ये मला फक्त अहवालाचे तक्ते बनवायला देतात. सरासरी, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते), टक्केवारी काढायची आणि ‘५२.३ (८.१)’ अशी, म्हणजे सरासरी आणि कंसात प्रमाण विचलन, मांडायची. हे मी आर या संगणकभाषेत कोड लिहून करते. मैत्रिणींना मॉडेलिंग, म्हणजे डेटावरून अंदाज बांधायचं काम, मिळालं. मी मागे पडेन का?

उत्तर : तुमच्या पत्रातला ‘फक्त’ मला खटकला. अहवाल हातात घेणारा आधी तक्ता बघतो. त्यात एक आकडा चुकला की पुढच्या सगळ्यावरचा त्याचा विश्वास उडतो.

समजा, एका गटात ४० जण आहेत, सरासरी ६०. दुसऱ्यात १० जण, सरासरी ८०. एकत्र सरासरी किती? घाईघाईत ७० लिहिणारे मी पुष्कळ पाहिलेत. उत्तर ६४ आहे, कारण प्रत्येक गटाला त्याच्या संख्येइतका भार द्यावा लागतो. प्रमाण विचलन एकत्र करताना तर दोन सरासऱ्यांमधलं अंतरही हिशेबात येतं. आणि मध्यक? दोन्ही गटांचे मध्यक माहीत असले तरी त्यांतून एकत्रित मध्यक निघत नाही, मूळ नोंदींकडेच जावं लागतं. हे ज्याला कळतं त्याच्या कामाला कारकुनी कसं म्हणायचं?

मांडणीतही अशीच मेख आहे. ‘५२.३ (८.१)’ लिहिलंत की तो मजकूर झाला, त्याच्यावर पुढे गणित चालत नाही. म्हणून मूळ आकडे वेगवेगळ्या रकान्यांत शेवटपर्यंत जपा. राउंडिंग आणि कंस अगदी शेवटच्या पायरीला. राउंडिंगचंही बघा : २.५ चे आर आणि पायथन २ करतात, एक्सेल ३ करतं. नमपाय आणि पांडाज ही पायथनमधली आकडेमोडीची पॅकेजेस. काही सांगितलं नाही तर नमपाय प्रमाण विचलनासाठी नोंदींच्या संख्येने भागतं, पांडाज त्याहून एक कमी धरून. दोघांचे तक्ते जुळत नसले की मी आधी इथे शोधायला सांगतो.

औषधांच्या चाचण्यांच्या क्षेत्रात ‘स्टॅटिस्टिकल प्रोग्रॅमर’ हे स्वतंत्र पद आहे. तक्ते, याद्या आणि आलेख कोडमधून तयार करणं हेच त्याचं मुख्य काम. महत्त्वाचा तक्ता तिथे दोघं जण स्वतंत्रपणे बनवतात आणि मग निकाल ताडून पाहतात. तुम्हाला आर येतंच. या वाटेने जायचं असेल तर सॅस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअरही शिकून घ्या, तिथे ते अजून खूप चालतं.

एक काम मात्र लगेच करा. सर्वांसाठी खुला असलेला एखादा डेटा घेऊन क्वार्टोमध्ये, म्हणजे मजकूर आणि कोड एकत्र ठेवून अहवाल बनवणाऱ्या साधनात, छोटा अहवाल लिहा. डेटा बदलून पुन्हा चालवला की तक्ताही बदलला पाहिजे, हाताने एकही आकडा भरायचा नाही. मुलाखतीत तो उघडून दाखवा. प्रत्येक टक्केवारीचा छेद कोणता, रिकाम्या नोंदी धरल्या की वगळल्या, हे न विचारता सांगा.

मॉडेलिंगची ओढ असेल तर तुमच्या वरिष्ठांकडे तसं काम स्पष्ट शब्दांत मागा. मागताना हा अहवाल सोबत न्या.