पाणी किती तापलं होतं? : देशोदेशीच्या पेयांवर वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अर्जेंटिनाचं माते करून पाहिलं. पानांवर उकळतं पाणी ओतलं, ढवळलं आणि नळीने ओढलं. पहिलाच घोट जीभ आखडेल इतका कडू, आणि दुसऱ्या घोटाला नळी तुंबली. पानंच खराब होती का?

पानांना दोष देऊ नका. कडवटपणा उकळत्या पाण्याने आला आणि नळी ढवळल्यामुळे तुंबली.

मातेला पाणी 70 ते 80 अंशांचं लागतं. किटलीच्या तळाशी बारीक बुडबुडे धरले आणि ती सूं-सूं करू लागली की उतरवायची. उकळी फुटलीच, तर झाकण काढून थंड होऊ द्या. थर्मामीटर असेल तर उत्तमच.

भोपळा (म्हणजे मातेचं पात्र) येर्बाने (म्हणजे मातेच्या वाळवलेल्या, कुटलेल्या पानांनी) दोन-तृतीयांश भरा. मध्यम भोपळ्यात साधारण 30 ग्रॅम बसते. तोंडावर तळवा दाबून तो उलटा करा आणि आठ-दहा हिसके द्या. बारीक भुकटी तळव्याकडे येते, काड्या मागे राहतात. आता भोपळा तिरपा ठेवूनच हळूहळू सरळ करा, म्हणजे येर्बा एका बाजूला उतारासारखी टेकून राहील आणि दुसऱ्या बाजूला खड्डा पडेल. त्या खड्ड्यात आधी थोडं कोमट पाणी घालून मिनिटभर थांबा. पानं फुगतात, उतार पक्का होतो, पहिल्या गरम पाण्याचा चटकाही त्यांना बसत नाही. मग बोम्बियाचं, म्हणजे नळीचं, वरचं तोंड अंगठ्याने बंद करून ती खड्ड्यात तळापर्यंत रोवा. अंगठा काढलेला असेल तर पाण्याबरोबर भुकटी आत शिरते. यानंतर गरम पाणी नेहमी त्याच खड्ड्यात, नळीच्या लगत, थोडंथोडं घाला.

एकदा रोवलेली नळी हलवायची नाही आणि ढवळायचं तर मुळीच नाही. उताराचा वरचा भाग कोरडा राहिला पाहिजे, कारण पुढच्या फेऱ्यांची चव तिथे साठलेली असते. अर्धा-पाऊण लिटर पाणी गेल्यावर चव फिकी पडली, तर नळी काळजीपूर्वक कोरड्या बाजूला सरकवा. आणखी काही फेऱ्या निघतात.

भोपळा नवा असेल तर आधी तो मुरवावा लागतो. वापरलेली ओली येर्बा आणि गरम पाणी भरून 24 तास ठेवा, ओतून द्या, आतली सुटलेली साल चमच्याने हलकेच खरवडा, हेच पुन्हा एकदा करा आणि हवेशीर जागी वाळवा. हे टाळलं तर त्या सालीची कडू चव मातेत उतरते. ओला भोपळा झाकून ठेवला तर बुरशी ठरलेली. काचेच्या किंवा चिनी मातीच्या पात्राला यातलं काही लागत नाही.

अर्जेंटिनाने 2013 मध्ये कायदा करून मातेला राष्ट्रीय पेयाचा दर्जा दिला. बहुतेक देशांचं ‘राष्ट्रीय पेय’ नुसतं लोकांच्या बोलण्यातलं असतं, तसं हे नाही. आणखी एक : पाळीपाळीने पिताना पात्र परत देताना ‘ग्रासियास’ (धन्यवाद) म्हणालात, तर ‘मला पुरे’ असा अर्थ होतो आणि पुढच्या फेरीत तुम्हाला वगळलं जातं. सभ्यपणा दाखवायच्या नादात पाहुणे हमखास इथे फसतात.

उकळतं प्यायची हौस असली तरी आवरा. 65 अंशांहून गरम असलेली पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये म्हटलं. तो ठपका उष्णतेवर आहे, पानावर नाही. गरम नकोच असेल तर पॅराग्वेचं तेरेरे करा : तीच येर्बा, पण बर्फाचं पाणी आणि त्यात ठेचलेल्या औषधी वनस्पती.

प्रश्न : तुर्की कॉफीवर फेस का धरत नाही? पाणी गरम करून त्यात कॉफी टाकतो, उकळतो आणि शेवटी साखर घालतो.

क्रम उलटा झालाय. कॉफी, साखर आणि थंड पाणी एकत्रच जेझ्वेत (लांब दांड्याच्या, वर अरुंद होणाऱ्या भांड्यात) घालायचं. एका कपाला 65 मिलिलिटर पाणी आणि 7 ग्रॅम कॉफी. दळण पिठासारखं हवं. बोटांत चोळल्यावर रवाळ लागलं तर फेस विसरा. सुरुवातीला एकदाच ढवळा, मग चमचा बाजूला ठेवा. मंद आचेवर तीन-चार मिनिटांत कडेने गडद फेसाचं वर्तुळ धरतं आणि मध्याकडे मिटत येतं. ते वर चढू लागताच उतरवा, फेस चमच्याने कपांत वाटून घ्या, भांडं क्षणभर पुन्हा आचेवर धरा आणि उरलेली कॉफी कडेने ओता. खळखळून उकळलं की फेस फुटतो. मग काही केल्या परत येत नाही. तीन-तीनदा वर आणायचा सल्ला पुष्कळजण देतात, पण दरवेळी फेस थोडा मोडतोच.

साखर शेवटी घातली तर ढवळावं लागतं आणि खाली बसणारा गाळ वर येतो. म्हणून तुर्कस्तानात आधीच विचारतात : सादे, म्हणजे बिनसाखरेची, ओर्ता, म्हणजे मध्यम, की शेकेर्ली, म्हणजे गोड? कप दोन मिनिटं तसाच राहू द्या, आणि तळ पिऊ नका.

प्रश्न : मोरोक्कोचा पुदिना-चहा पिवळट आणि तुरट होतो.

पुदिना उकळलात. हा चहा चीनच्या गोळीदार हिरव्या पानांचा. 10 ग्रॅम पानांवर कपभर उकळतं पाणी घालून अर्धा मिनिट ठेवा आणि न हलवता ते पाणी वेगळं काढून जपा; पहिला अर्क त्यातच असतो. दुसरं कपभर पाणी घालून पानं चांगली खळबळवा आणि ते गढूळ पाणी फेकून द्या. तुरटपणा बराचसा इथे जातो. आता जपलेला अर्क परत घालून अर्धा लिटर उकळतं पाणी घाला, मंद आचेवर दोन मिनिटं ठेवा आणि उतरवा. 50 ग्रॅम साखर आणि मूठभर ताजा पुदिना यानंतर. तीन-चार मिनिटं पुरेत. एक पेला भरून परत किटलीत ओतायचं, असं दोन-तीनदा करा म्हणजे न ढवळता साखर मिसळते. फेसासाठी फूटभर उंचीवरून ओतावं लागतं. कमी साखरेचा करता येतो, पण मोरोक्कोत तो कुणी ओळखणार नाही.

प्रश्न : रशियन क्वासची, म्हणजे पावापासून आंबवलेल्या पेयाची, काचेची बाटली कपाटात फुटली.

यीस्टला साखर मिळत राहिली आणि वायूला वाट नव्हती. राय पावाचे 300 ग्रॅम तुकडे खरपूस भाजा (काळे केलेत तर क्वास कडू), 3 लिटर उकळत्या पाण्यात भिजवा, 35 अंशांखाली आल्यावर गाळा. त्याआधी यीस्ट घातलं तर ते मरू शकतं. 120 ग्रॅम साखर आणि 3 ग्रॅम कोरडं यीस्ट घालून फडक्याखाली 10-12 तास ठेवा. प्लास्टिकच्या बाटलीत चार बोटं जागा सोडून भरा, दोन-तीन मनुका टाका. बाटली दाबून पाहत राहा. कडक लागली की लगेच फ्रिजमध्ये. दोन-तीन दिवसांत संपवा, आणि उघडताना झाकण हळूहळू सैल करा. यात थोडा अल्कोहोल तयार होतो, साधारण एक टक्क्याच्या आसपास. जे अजिबात घेत नाहीत त्यांना पेला पुढे करण्याआधी सांगा.