'पहिली आवृत्ती' हा शब्दप्रयोग बरोबर आहे काय?

फोंड्याच्या एका वाचकांनी विचारले आहे की, 'आवृत्ती' म्हणजे पुन्हा होणे असेल, तर प्रथमच छापलेल्या पुस्तकावर 'पहिली आवृत्ती' असे लिहिणे चूक नव्हे काय? शंका रास्त आहे. तरीही माझ्या मते हा शब्दप्रयोग निर्दोष आहे.

'वृत्' या धातूचा अर्थ फिरणे, वळणे असा असून 'आ' या उपसर्गाने 'आवृत्ति' म्हणजे परत वळणे, आणि त्यावरून पुन्हा पुन्हा होणे, असा अर्थ येतो. गीतेच्या आठव्या अध्यायातील 'अनावृत्तिमावृत्तिं चैव योगिनः' या वचनात जन्माच्या फेऱ्यात परत येणे अभिप्रेत आहे, तर ब्रह्मसूत्रांतील 'आवृत्तिरसकृदुपदेशात्' येथे श्रवणमननादी साधना पुन्हा पुन्हा करणे. शंकेचा आधार हाच अर्थ आहे.

परंतु हा शब्द मोजणीतही रुळला आहे आणि तेथे त्याचा अर्थ 'एक पूर्ण फेरा' एवढाच होतो. मंगेशीला लघुरुद्र चालतो तेव्हा रुद्राच्या अकरा आवृत्त्यांची एक एकादशनी आणि अशा अकरा एकादशन्यांचा, म्हणजे १२१ आवृत्त्यांचा, लघुरुद्र धरतात. रुद्र पहिल्यांदा म्हणून झाला की ती पहिली आवृत्ती होते. तिच्याआधी काहीच म्हटलेले नसते म्हणून ती वगळली, तर १२० च उरतील आणि लघुरुद्र अपुरा राहील. पुस्तकाची पहिली आवृत्ती याच हिशेबाने पहिली.

खरा घोटाळा 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' यांत होतो, आणि तो प्रकाशकांनी टाळायला हवा असे मला मनापासून वाटते. मजकूर तसाच ठेवून पुन्हा छापले तर ते पुनर्मुद्रण. मजकुरात भर पडली, दुरुस्ती झाली किंवा संपादकाचा हात फिरला, तर नवी आवृत्ती. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची. १८५७ साली तो सुधारून व वाढवून पुन्हा निघाला, म्हणून तिला दुसरी आवृत्ती म्हणणे सर्वार्थाने योग्य आहे. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रोमन लिपीत छापले गेले. शांताराम बंडेलू यांनी ते संपादून १९५६ साली देवनागरीत आणले, तेही केवळ पुनर्मुद्रण नव्हे. हिंदीत यासाठी 'संस्करण' म्हणतात आणि त्या शब्दात सुधारण्याचा भाव मुळातच आहे.

वृत्तपत्राच्या 'गोवा आवृत्ती'त मात्र फेऱ्याचा अर्थ मागे पडून त्या भागासाठी काढलेला अंक एवढाच अर्थ उरला आहे. तोही आता रूढ झाला आहे.

लेखनाविषयी एक सूचना: अनेकवचन 'आवृत्त्या' असे जोड 'त्त्य' घालून लिहावे, 'आवृत्या' नव्हे, आणि समासात 'ति' ऱ्हस्व राहते, जसे व्याकरणातील 'आवृत्तिवाचक'.