मॅक्रो लेन्सने फुलपाखराचा फोटो काढताना एकच पंख स्पष्ट का येतो?

नव्या 100 मिमी मॅक्रो लेन्समधून एक पंख रेखीव येतो, बाकी सगळं धूसर, आणि जरा जवळ सरकलं की फुलपाखरू भुर्रकन उडतं, असं तुम्ही लिहिलंय. दोन्हींचं कारण बहुधा एकच आहे: तुम्ही गरजेपेक्षा जास्त जवळ जाताय.

1:1 वर, म्हणजे वस्तू सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या प्रतिमा टिपणाऱ्या पट्टीवर) आहे तेवढ्याच आकाराची उमटते तेव्हा, मोठ्या सेन्सरच्या फुलफ्रेम कॅमेऱ्याच्या चौकटीत फक्त 36 × 24 मिमी जागा मावते. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन पंख पसरून 12 सेंमीच्या वर भरतं, ते त्यात बसणारच नाही. शिवाय 1:1 ला f/11 ठेवलं, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच लहान केलं, तरी फोकसची खोली (जेवढ्या जाडीचा भाग स्पष्ट येतो ती) सव्वा मिलिमीटरच्या आसपास मिळते आणि लेन्सच्या तोंडापासून फुलपाखरापर्यंत वीतभरही अंतर उरत नाही. अर्ध्या मॅग्निफिकेशनवर, म्हणजे सेन्सरवर वस्तू निम्म्या आकाराची उमटते तेव्हा, तीच खोली चार मिमीच्या जवळ जाते. म्हणून थोडं मागे या. गवतातल्या ग्रास ब्लूसारख्या नखाएवढ्या फुलपाखरांसाठीच पुढे सरका.

दुसरी गोष्ट कोनाची, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. सेन्सर पंखांना समांतर हवा. घाणेरीवर पंख मिटून बसलेलं फुलपाखरू अगदी बाजूने टिपा: डोळा, सोंड आणि पंख जवळजवळ एकाच पातळीत येतात. कॉमन जेझेबेलचे पिवळे पट्टे आणि लाल ठिपके तर पंखांच्या खालच्या बाजूलाच असतात. पंख उघडायची वाट बघत बसू नका. फोकस मात्र डोळ्यावरच.

फोकस मॅन्युअलवर एका अंतराला बांधून ठेवा, स्वतः किंचित पुढेमागे डोला आणि त्या ओघात बर्स्ट मारा, म्हणजे सलग फोटो घ्या. शटर 1/250 सेकंद किंवा त्याहून वेगवान. ट्रायपॉडच्या भानगडीत पडू नका, तो मांडेपर्यंत पाखरू निघून गेलेलं असतं.

सप्टेंबर-ऑक्टोबरातली सकाळ गाठा. ऊन खाऊन अंग तापल्याशिवाय त्यांना नीट उडता येत नाही, तोवर ती पानावर बसून असतात. जाताना खाली वाकून, सावकाश जा. तुमची सावली त्यांच्यावर पडू देऊ नका, फांदीला धक्का लागू देऊ नका. ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर क्षार शोषायला जमलेले नर तर आणखी सोपे. पोटावर झोपायची तयारी ठेवा. ठाण्याजवळ राहत असाल तर ओवळेकर वाडी हे फुलपाखरू उद्यान सरावाला उत्तम.

फोटोसाठी फुलपाखराला फ्रिजमध्ये ठेवून गार करायचा सल्ला कुणी दिला तर कृपा करून ऐकू नका. पंख चिमटीत धरले तरी त्यांवरचे खवले निघतात, आणि ते पुन्हा उगवत नाहीत.

निवांत 1:1 करायचंच असेल तर कढीपत्त्याची कुंडी लावा. कॉमन मॉरमॉन त्यावर अंडी घालतं. कोषातून नुकतंच बाहेर आलेलं फुलपाखरू पंख वाळेपर्यंत तिथेच लटकून राहतं. तेव्हा सोंडेकडे बघा: ती दोन वेगळ्या धाग्यांची असते, आणि गुंडाळत-उलगडत ते धागे एकमेकांना जोडण्याचं काम चाललेलं असतं. त्यासाठी मात्र खुशाल वीतभराच्याही आत जा, फक्त कुंडी हलवू नका.