तापल्यावर बंद पडणारी जुनी बुलेट

प्रश्न : वडिलांची १९८६ सालची बुलेट ३५० सकाळी दुसऱ्या किकला सुरू होते, मात्र अर्ध्या तासाने इंजिन तापले की बंद पडते आणि निवल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. कार्ब्युरेटर साफ करूनही फरक पडला नाही. घरच्या घरी काय तपासावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : गाडी बंद पडताच प्रथम पेट्रोल टाकीचे झाकण उघडून पाहावे, ती लगेच सुरू झाली, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले आहे. तसे नसल्यास माझा दाट संशय कंडेन्सरवर (पॉइंटला जोडलेला, तिथल्या ठिणग्या आवरणारा छोटा विद्युत भाग) आहे, कारण आतील इन्सुलेशन कमकुवत झालेला कंडेन्सर थंड असताना काम देतो आणि तापला की दगा देतो. त्याच वेळी पॉइंटवरील (स्पार्क प्लगच्या ठिणगीसाठी विद्युतप्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच) झाकण काढून, सहकाऱ्याला किक मारायला सांगून, नीट निरखावे : पॉइंटची टोके काळवंडलेली असतील आणि त्यांच्यामध्ये ठळक ठिणग्या उडत असतील, तर आधी कंडेन्सर बदलावा. हा भाग स्वस्त आहे. तरी तो चांगल्या प्रतीचाच घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. त्यानंतर पॉइंट पूर्ण उघडलेले असताना फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) टोकांमधील फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावी आणि टोकांवरील तेलकटपणा कोऱ्या कागदाने पुसून घ्यावा. एवढे करूनही दोष कायम राहिल्यास टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग) अतिघट्ट नाहीत ना, हे इंजिन पूर्ण थंड असताना पाहावे.