बांधकामाच्या पद्धतीमुळे इमारतीचं व्यक्तिमत्त्व खरंच बदलतं का, की ते सगळं डिझाइन करणाऱ्याच्या हातात असतं?

माझ्या मते निम्म्याहून जास्त पद्धतच ठरवते, डिझाइन करणारा तिच्याशी भांडतो किंवा जमवून घेतो एवढंच.

शिकागोची मोनॅडनॉक बिल्डिंग बघा, एकाच इमारतीत दोन पद्धती आहेत. उत्तरेकडचा भाग 1891 चा, 16 मजली, आणि बाहेरच्या भिंती विटांच्या लोड बेअरिंग, म्हणजे वरचं ओझं भिंतच खाली नेते, त्यामुळे तळाला ती साधारण 6 फूट जाड करावी लागली. खिडक्या आत खोल गेलेल्या, भिंत खाली येताना बाहेर पसरलेली, नक्षी जवळजवळ नाहीच. नुसतं बघून वजन कळतं. दोनच वर्षांनी दक्षिणेचा भाग जोडला तो स्टीलच्या फ्रेमवर. तिथे ओझं फ्रेम घेते, भिंत नावापुरती, मग ती पातळ झाली आणि भाड्याने द्यायला आत जास्त जागा मिळाली (मालकांना हे पटायला वेळ लागला नसणार 😄). आज आपण काचेचे टॉवर बघतो ते याच हिशोबातून आलेत.

आता पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातल्या जेन्ने गावची मातीची मशीद, सध्याची इमारत 1907 ची. भिंतींतून लाकडाचे दांडे बाहेर आलेत, फोटोत शोभेचे वाटतात, पण लिंपणाच्या वेळी त्यांच्यावर चढून काम करतात, म्हणजे परांची कायमचीच लावलेली. पावसाने माती झिजते म्हणून दरवर्षी अख्खं गाव लिंपायला जमतं. उद्या सिमेंटचा गिलावा केला तर लांबून तशीच दिसेल, पण गावाने जमायचं कारणच संपेल. तिथे अर्थ भिंतीत कमी आणि त्या कामात जास्त आहे असं मला वाटतं.

काही जण मात्र यावरून "पद्धत लपवली की इमारत खोटी" असा नियमच काढतात, तो मला पटत नाही. वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकातलं, एका कातळातून वरून खाली कोरत आणलेलं, आधी शिखर मोकळं झालं आणि जोतं शेवटी. खांब, तुळया असायची तिथे काही गरजच नव्हती, दगड अखंडच होता. तरी कोरणाऱ्यांनी रचून बांधलेल्या देवळाचं रूप हुबेहूब काढलं, कारण देवाचं घर म्हणजे तसंच दिसायला हवं हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं.